उत्तरार्धाचा न्याय

'सुरुवात जरा रेंगाळते, पण पुढे मालिका फार छान होते' असे आपण सहज बोलून जातो. या बोलण्यात एक हिशेब गृहीत धरलेला असतो. पूर्वार्धात झालेला तोटा उत्तरार्धाच्या नफ्यातून वजा करायचा आणि शिल्लक जमेची निघाली की समाधान मानायचे. कलाकृतीचा हिशेब असा मांडता येतो का? माझ्या मते बहुतेक वेळा येत नाही. शेवटचे काही भाग चांगले निघाले म्हणून आधीचे रटाळ भाग आपोआप चांगले ठरत नाहीत. मात्र काही थोड्या मालिकांमध्ये उत्तरार्ध पूर्वार्धाचा अर्थच बदलून टाकतो. ज्याला आपण रेंगाळणे म्हणत होतो ती बांधणी होती, हे तेव्हा कळते. पहिल्या प्रकाराला सावरणे म्हणावे, दुसऱ्याला सार्थ करणे. हा फरक नीट समजून घेण्यासाठी 'बोजॅक हॉर्समन' या अमेरिकी ॲनिमेशन मालिकेच्या पहिल्या पर्वाइतके चांगले उदाहरण मला दुसरे माहीत नाही.

या पर्वाचे बाराही भाग नेटफ्लिक्सने २२ ऑगस्ट २०१४ रोजी एकाच दिवशी प्रदर्शित केले. मालिकेचा कर्ता राफेल बॉब-वॉक्सबर्ग. तिला रंगरूप दिले ते त्याची शाळेपासूनची मैत्रीण, चित्रकार लिसा हानावॉल्ट हिने. माणसे आणि माणसांसारखे जगणारे प्राणी इथे एकाच शहरात, एकाच समाजात नांदतात, आणि त्याचे कुणालाच नवल वाटत नाही. बोजॅक हा घोडा आहे. १९८७ ते १९९६ या काळात 'हॉर्सिन अराउंड' नावाच्या एका गोडगोड कौटुंबिक विनोदी मालिकेत त्याने तीन अनाथ मुलांना सांभाळणाऱ्या घोड्याचे काम केले आणि तो घराघरांत पोहोचला. त्यानंतर त्याने सांगण्यासारखे काही केलेले नाही. लॉस एंजेलिसच्या टेकडीवरच्या प्रशस्त घरात तो दारू पितो आणि आपल्याच जुन्या मालिकेचे भाग पुन्हापुन्हा पाहतो. आत्मचरित्राचा करार झालेला आहे, पण एक ओळही लिहून होत नाही. म्हणून प्रकाशक त्याच्यासाठी डायॅन ही पडद्याआडची लेखिका नेमतो. बोजॅकने बोलायचे आणि तिने लिहायचे, या व्यवस्थेवर सगळे पर्व उभे आहे.

प्रदर्शनाआधी समीक्षकांच्या हाती पडले होते फक्त पहिले सहा भाग. त्यावरून लिहिलेली अनेक परीक्षणे कोमट होती आणि त्यात नवल काही नव्हते. स्वतःच्या दुःखात बुडालेला मद्यपी नायक, हॉलिवूडच्या पोकळपणावर मारलेले शेरे, प्राण्यांच्या नावांवरच्या कोट्या, हे सारे प्रेक्षकांनी यापूर्वी पाहिले होते. दुसऱ्या भागात बोजॅक किराणा दुकानात मफिनच्या पाकिटावरून एका नौसैनिक सीलशी भांडतो आणि ते प्रकरण राष्ट्रीय वादाचे रूप घेते. चौथ्या भागात त्याच्या घरी फुकट राहणारा टॉड हा तरुण एक रॉक ऑपेरा लिहितो. सहाव्यात बोजॅक दारूच्या नशेत हॉलिवूडच्या प्रसिद्ध पाटीवरचे शेवटचे अक्षर चोरतो. प्रत्येक भागाला एक खोडी, तिचा गोंधळ आणि कसाबसा शेवट. हुशारी दिसते, पण हे सगळे कशासाठी चालले आहे, हे कळत नाही. पुढचे सहा भाग आले आणि चित्र पालटले. 'इंडीवायर' या संकेतस्थळाने तर यानंतर अशा मालिकांचे परीक्षण संपूर्ण पर्व पाहूनच करायचे, असा नियम स्वतःसाठी केला. एका मालिकेमुळे परीक्षणाची पद्धत बदलावी लागणे ही लहान गोष्ट नाही.

पहिले सहा भाग असे का वाटतात, हे समजायला प्रौढांसाठीच्या अमेरिकी ॲनिमेशनची परंपरा ध्यानात घ्यावी लागते. आपल्याकडे कार्टून म्हटले की अजूनही मुलांचा खाऊ समजला जातो. अमेरिकेत मात्र 'द सिम्प्सन्स' १९८९ साली सुरू झाल्यापासून प्रौढांसाठीच्या ॲनिमेशनने विनोदी मालिकांच्या जगात आपली पक्की जागा केली आहे. या परंपरेचा एक अलिखित नियम आहे : भाग संपला की सगळे पुन्हा होते तसे. 'द सिम्प्सन्स'मधली मुले दशके उलटली तरी मोठी होत नाहीत. 'साउथ पार्क'मधला केनी कितीतरी वेळा मेला आणि पुढच्या आठवड्यात पुन्हा हजर झाला. घर जळो, नोकरी जावो, शहर उद्ध्वस्त होवो. पुढच्या भागात त्याचा मागमूस नसतो. यात काही वावगे नाही. त्या प्रकाराची सगळी मोकळीक आणि मजा या नियमातूनच येते. कशाचेच परिणाम टिकणार नाहीत हे ठाऊक असल्यामुळे आपण निर्धास्त हसतो.

'बोजॅक'चे पहिले सहा भाग याच परंपरेचा वेष घालून समोर येतात आणि आपणही त्याच निर्धास्तपणे ते पाहतो. टॉडच्या ऑपेराचे काय होते? तो आपल्या पायावर उभा राहिला तर घर सोडून जाईल, या भीतीने बोजॅक त्याला जुन्या व्हिडिओ गेमच्या व्यसनात पुन्हा ढकलतो. हे कारस्थान तडीस न्यायला तो मार्गो मार्टिनडेल या खऱ्याखुऱ्या अभिनेत्रीला कामाला लावतो, आणि हा सगळा प्रकार इतक्या गमतीने रंगवला आहे की मित्राचे भविष्य जाणूनबुजून मोडले जात आहे हे आपल्या मनाला शिवतही नाही. सारा लिनचेही तसेच. 'हॉर्सिन अराउंड'मधली ही चिमुरडी पुढे पॉप गायिका झाली आणि आता नशेच्या आहारी गेली आहे. तिसऱ्या भागात ती बोजॅकच्या घरी येऊन धुडगूस घालते. त्यात एक जुना प्रसंग येतो : प्रेक्षकांना हवे ते देत राहायचे, मग त्यात आपला जीव का जाईना, असा उपदेश बोजॅक या लहान मुलीला करतो. तो प्रसंग आला तसा निघून जातो. पुढे २०१६ साली आलेल्या तिसऱ्या पर्वात सारा लिनचा शेवट होतो, तेव्हा हा उपदेश आठवून अंगावर काटा येतो.

या पर्वाची बिजागरी आहे सहाव्या भागात. डायॅनवर छाप पाडायला बोजॅक पाटीवरचे 'डी' हे अक्षर उचलून आणतो. श्रेय मात्र डायॅनचा प्रियकर मिस्टर पीनटबटर घेतो आणि तिला लग्नाची मागणीही घालतो. एका भागाचा विनोद म्हणून हे पुरेसे झाले असते. परंतु ते अक्षर परत जागेवर येत नाही. सातव्या भागापासून मालिकेतली सगळी पात्रे आपल्या शहराला 'हॉलिवू' म्हणू लागतात. कुणी थांबून त्याचा खुलासा करत नाही, कुणी हळहळत नाही. खऱ्या पाटीनेही अक्षरे गमावली आहेत. १९२३ साली ती उभी राहिली तेव्हा 'हॉलिवूडलँड' अशी होती. शेवटची चार अक्षरे १९४९ मध्ये काढण्यात आली आणि लोक उरलेल्या नावाला सरावले. मालिकेतले अक्षर गमावण्याचा परिणाम मात्र याहून खोल जातो. अक्षर जिथे गेले तिथेच राहिले, म्हणजे या जगात घडून गेलेले पुसले जात नाही. हा नियम पाळायचा ठरला की आधीच्या सहा भागांतले प्रत्येक कृत्यही पुसायचे राहून गेलेले असते. टॉडचा ऑपेरा, सारा लिनचा मुक्काम, मफिनचे भांडण, सगळे अजून तिथेच आहे. आपण ते विसरलो होतो, मालिका विसरली नव्हती.

यानंतरचे दोन भाग पर्वाची उंची ठरवतात. सातवा भाग बोजॅकला जवळजवळ बाजूला ठेवून त्याची एजंट आणि एके काळची प्रेयसी प्रिन्सेस कॅरोलिन हिच्याबरोबर चालतो. गुलाबी रंगाची ही मांजर पहिल्या सहा भागांत सतत फोनवर बोलताना दिसते आणि आपण तिला धावपळ करणाऱ्या एजंटचा एक ठरीव नमुना समजून सोडून देतो. आता तिचा पूर्ण दिवस दिसतो : व्यवहार जुळवणे, प्रतिस्पर्ध्यांशी झुंज, बोजॅकची समजूत आणि रात्री रिकामे घर. त्या दिवशी तिचा ४०वा वाढदिवस असतो आणि त्याची आठवण करून देतो तिचा फोन. जे पात्र आतापर्यंत विनोदाची सोय होते त्याला या एका भागात स्वतःचे आयुष्य मिळते.

आठवा भाग आहे 'द टेलिस्कोप'. 'हॉर्सिन अराउंड' ज्याने निर्माण केली आणि तिच्यात बोजॅकला संधी दिली तो हर्ब कझाझ कर्करोगाने मरणाच्या दारात आहे. दोघे ऐंशीच्या दशकात विनोदी कार्यक्रम करत एकत्र धडपडलेले मित्र. नव्वदच्या दशकात हर्ब समलिंगी असल्याचे उघडकीला आले आणि वाहिनीने त्याला काढून टाकले. आपण पाठीशी उभे राहू असे बोजॅकने त्याला सांगितले होते. वेळ आली तेव्हा तो गप्प बसला. त्यानंतर सुमारे वीस वर्षे त्याने मित्राला साधा फोनही केला नाही. आता डायॅनला सोबत घेऊन तो हर्बच्या घरी जातो, इकडच्या तिकडच्या गप्पा मारतो, निघायच्या बेतात असताना परत फिरतो आणि माफी मागतो.

टीव्हीवरच्या अशा प्रसंगाचा शेवट आपल्याला तोंडपाठ असतो. मरणारा मित्र डोळे पुसतो, हात पुढे करतो आणि संगीत वर येते. 'हॉर्सिन अराउंड'मध्ये हेच झाले असते. हर्ब मात्र माफ करायला नकार देतो. नोकरी गेली याचे दुःख त्याने केव्हाच मागे टाकलेले असते. मित्राची सर्वांत जास्त गरज होती तेव्हा बोजॅकने पाठ फिरवली, हे त्याला विसरता येत नाही. मरताना तरी तुझे मन हलके करण्याचे काम माझ्यावर टाकू नकोस, असा त्याच्या बोलण्याचा रोख आहे. प्रकरण झटापटीवर येते आणि दोघांच्या मैत्रीची खूण असलेली दुर्बीण फुटते. विनोदी ॲनिमेशन मालिकेच्या आठव्या भागात असा प्रसंग येणे धक्कादायक आहेच; पण तो नुसताच धक्का नाही. बोजॅक टॉडशी कसा वागला हे आपण चौथ्या भागात हसत हसत पाहिलेले असते. स्वतःच्या सोयीसाठी मित्राचा बळी देणे ही त्याची जुनी खोड आहे, हे इथे कळते आणि आपले ते हसू आपल्याकडेच परत येते. चौथा भाग पाहिला नसता तर हर्बचा नकार एका जुन्या चुकीची शिक्षा वाटला असता. पाहिला असल्यामुळे तो एका स्वभावावरचा निवाडा ठरतो.

उरलेल्या भागांत हे मागे वळून पाहणे कथेतच घडते. दहाव्या भागात बोजॅक डायॅनने लिहिलेले पुस्तक वाचतो. त्याने तिला जे सांगितले आणि तिने त्याच्यासोबत वावरताना जे पाहिले, ते सगळे त्यात आहे. पहिल्या सहा भागांत आपण जे सुटेसुटे किस्से म्हणून पाहिले तो तिचा कच्चा माल होता. पुस्तक बोजॅकला सहन होत नाही, कारण ते खरे आहे. आपण काय केले याचा सलग आलेख समोर आला की प्रत्येक किश्श्यामागची सबब गळून पडते. ज्या ऑपेराला आपण हसलो, त्यामागचे कारस्थान उत्तरार्धात टॉडलाही उमगते. अकराव्या भागात बोजॅक पडद्याआडच्या लेखकांच्या एका परिसंवादात घुसतो आणि भर सभेत डायॅनला विचारतो, की आतून मी चांगला आहे ना, तेवढे सांग. ज्या एका व्यक्तीने त्याला पूर्ण वाचले आहे तिच्याकडे तो हे प्रमाणपत्र मागतो. ती काही बोलू शकत नाही.

शेवटच्या भागात सेक्रेटेरिएट येतो. १९७३ साली अमेरिकेतल्या तिन्ही मानाच्या शर्यती जिंकणाऱ्या खऱ्या घोड्याचे हे मालिकेतले रूप. बोजॅकचे बालपणीचे दैवत. मन उदास झाले की काय करावे, असे छोट्या बोजॅकने त्याला पत्रातून विचारलेले असते. टीव्हीवरच्या मुलाखतीत सेक्रेटेरिएट त्या पत्राला उत्तर देतो. समोर धावत राहा, मागे पाहू नकोस, असा त्याचा सल्ला. हा सल्ला देणाऱ्याने पुढे स्वतःचे आयुष्य संपवलेले असते. माझ्या मते पर्वाची सगळी शिकवण इथे एकवटली आहे. मागे न पाहता पुढे धावणे ही बोजॅकची जगण्याची रीत आहे आणि प्रत्येक भागागणिक सगळे विसरणाऱ्या विनोदी मालिकांचीही. पहिले सहा भाग त्या रीतीने चालतात, पुढचे सहा तिची किंमत दाखवतात.

आता सुरुवातीच्या प्रश्नाकडे वळू. उत्तरार्धाने पूर्वार्धाचे पाप धुतले असे म्हणायचे, तर एक पेच उभा राहतो. खुद्द ही मालिका सांगते की नंतरच्या चांगल्या वागण्याने आधीचे वागणे धुतले जात नाही. हर्ब ते मान्य करत नाही, डायॅन करत नाही. मग प्रेक्षकाने तरी पहिल्या सहा भागांना माफी का द्यावी? द्यायची गरजच नाही. त्यांतले काही विनोद ओढूनताणून आणलेले आहेत आणि बारा भाग पाहून झाल्यावरही ते तसेच राहतात. सीलचे प्रकरण मला आजही लांबलेले वाटते. उत्तरार्धाने दिली ती माफी नव्हती, तो न्याय होता. न्याय करताना पूर्वार्धातली प्रत्येक गोष्ट मोजली जाते. जे क्षुल्लक वाटले त्याला वजन मिळते. जे खरोखर क्षुल्लक होते ते क्षुल्लकच ठरते. माफीत मागचे सोडून द्यायचे असते, न्यायात ते पुन्हा समोर घ्यावे लागते. म्हणून हे पर्व दुसऱ्यांदा पाहताना पूर्वार्ध अधिक जड, अधिक दुखरा होतो. नुसत्या सावरलेल्या मालिकेच्या बाबतीत असे होत नाही. ती दुसऱ्यांदा पाहताना आपण सुरुवातीचे भाग गाळून पुढे जातो.

हीच कसोटी इतर मालिकांना लावून पाहावी. रिबेका शुगर यांची 'स्टीव्हन युनिव्हर्स' ही मालिका नोव्हेंबर २०१३ मध्ये कार्टून नेटवर्कवर सुरू झाली. तिचे भाग अकरा-अकरा मिनिटांचे. पहिल्या पर्वाचा पूर्वार्ध म्हणजे समुद्रकाठच्या गावातल्या एका मुलाचे आइस्क्रीम, डोनट आणि छोट्यामोठ्या राक्षसांचे उद्योग. 'मिरर जेम' आणि 'ओशन जेम' या जोडभागांत कळते, की स्टीव्हनला ज्यांनी वाढवले त्यांनी एक जिवंत कैदी आरशात बंद ठेवला होता. इथून कथा युद्ध, निर्वासितपण आणि मोठ्यांनी दडवलेला इतिहास यांच्याकडे वळते. मागे वळून पाहिले तर पहिल्याच भागातल्या आइस्क्रीमच्या जाहिरात-गाण्यात ताऱ्यांमधल्या युद्धातून पळून आलेल्या निर्वासिताची गोष्ट दडलेली सापडते. पूर्वार्ध हलका होता, कारण तो मुलाच्या नजरेतून दिसत होता आणि त्या मुलाला कुणी काही सांगितले नव्हते. त्याचे अज्ञान आपण स्वतः जगलो नसतो तर त्याचा भंग आपल्याला लागला नसता. इथेही उत्तरार्धाने पूर्वार्ध सार्थ केला.

'द लेजंड ऑफ कोरा'चे २०१३ सालचे दुसरे पर्व या दोन्हींपेक्षा वेगळे आहे. चौदा भागांच्या या पर्वाचे पहिले सहा भाग जलजमातींच्या यादवीत अडखळतात. चित्रणही मालिकेच्या लौकिकाला साजेसे नाही, प्रेमाचा त्रिकोण दमवतो. मग सातव्या-आठव्या भागांत 'बिगिनिंग्ज' येते : पहिला अवतार वॉन याची कथा, जुन्या आशियाई मुद्राचित्रांची आठवण देणाऱ्या शैलीत, कोरियातल्या स्टुडिओ मिरने देखणी साकारलेली. ते दोन भाग अप्रतिम आहेत. पण हे सौंदर्य पहिल्या सहा भागांवर उभे नाही. वॉनची कथा कोराविषयी काहीही ठाऊक नसलेल्या प्रेक्षकालाही तितकीच भिडेल, आणि ती संपल्यावर आधीची यादवी प्रकाश आणि अंधार यांच्या मोठ्या युद्धाआड झाकली जाते. म्हणून 'कोरा'चे दुसरे पर्व सावरले असे म्हणावे. त्याचा पूर्वार्ध सार्थ झाला असे मी म्हणणार नाही.

तर कसोटी अशी : पूर्वार्ध काढून टाकला तर उत्तरार्धाचे काय उरते? 'बोजॅक'मधून पहिले सहा भाग काढले तर हर्ब, डायॅन आणि टॉड यांचे प्रसंग निम्मे होतात. 'कोरा'तून काढले तर 'बिगिनिंग्ज'चे फारसे काही बिघडत नाही. ही कसोटी रटाळ मालिकांची पाठराखण करणाऱ्यांनाही आवरते. 'थांबा, दहाव्या भागानंतर मजा येते' या शिफारशीला आपण विचारू शकतो, की दहाव्या भागाला आधीच्या नऊ भागांची गरज काय? उत्तर नसेल, तर ते नऊ भाग आपल्या वेळेचा अपव्यय होते, दहावा कितीही सुंदर असो.

यावर एक सरळ आक्षेप येतो आणि तो मला महत्त्वाचा वाटतो. प्रेक्षकाचा वेळ फुकटचा नाही. 'बोजॅक'चा एक भाग साधारण पंचवीस मिनिटांचा. सहा भाग म्हणजे अडीच तास. अडीच तासांत एक पूर्ण चित्रपट पाहून होतो. कामावरून थकून आलेल्या माणसाने कुणाच्या तरी आश्वासनावर इतका धीर का धरावा? ही जबाबदारी प्रेक्षकाची नाही, निर्मात्याची आहे, हे आधी मान्य केले पाहिजे. आपल्याकडचा नारदीय कीर्तनकार हे जाणतो. पूर्वरंगात अभंगाचे निरूपण आणि उत्तररंगात आख्यान, असा त्याचा क्रम. आख्यानाला खोली येते ती पूर्वरंगातल्या विचारामुळे. पण निरूपण कोरडे झाले तर श्रोते आख्यानापर्यंत बसणार नाहीत, हेही त्याला ठाऊक असते. म्हणून तो पूर्वरंगातही दृष्टान्त आणि पदे पेरत जातो, श्रोत्याला थोडे थोडे देत पुढे नेतो.

'बोजॅक'च्या पूर्वार्धाने हे केले आहे का? नीट पाहिले तर केले आहे. पहिल्याच भागात बोजॅकला घाबरेपणाचा झटका येतो आणि विनोदाच्या मधोमध त्याची छाती धडधडते. पाचव्या भागात डायॅन वडिलांच्या मृत्यूनंतर बॉस्टनला आपल्या घरी जाते. तिथे भावांनी मांडलेल्या थट्टेच्या बाजारात तिचा एकटेपणा झाकून राहत नाही. शीर्षकचित्रात तर सगळे पर्व आहे : बोजॅक घर, चित्रीकरण, मेजवानी यांतून जणू तरंगत जातो, चेहऱ्यावर काहीच उमटत नाही, आणि शेवटी स्वतःच्याच पोहण्याच्या तलावात पडतो. हे शीर्षकचित्र प्रत्येक भागाआधी आपल्या डोळ्यांसमोरून जाते. म्हणजे मालिकेने आपल्याला फसवले नव्हते. खुणा दिल्या होत्या, फक्त त्यांच्याकडे बोट दाखवले नव्हते. ज्या संथ सुरुवातीत अशा खुणाच नाहीत, तिला धीराची अपेक्षा करण्याचा अधिकार नाही.

आणखी एक गोष्ट ध्यानात घ्यावी. ॲनिमेशनचे काम सावकाश होते. संहिता, आवाजांचे ध्वनिमुद्रण, रेखाटनांचा कच्चा आराखडा, मग चित्रण, अशा पायऱ्या चढत एक भाग पुरा व्हायला कित्येक महिने जातात. 'बोजॅक'चे बारा भाग तर एकाच दिवशी आले. याचा अर्थ, कोमट परीक्षणे वाचून लेखकांनी सातव्या भागापासून मार्ग बदलला असे होणे शक्यच नव्हते. वळण आधीपासून ठरलेले होते. साप्ताहिक किंवा दैनंदिन मालिकेत प्रतिसाद पाहून कथा वळवली जाते, तेव्हा चांगला उत्तरार्ध ही दुरुस्ती असते. इथे ती रचना होती. ज्या कृतीत रचना आहे तिच्या अर्ध्या तुकड्यावर निकाल देता येत नाही. निकाल देणारा कितीही जाणकार असो, पुरावा अर्धाच असतो. त्यामुळे 'इंडीवायर'ने पद्धत बदलली तो सौजन्याचा भाग नव्हता. समीक्षेच्या प्रामाणिकपणाची ती किमान अट आहे.

आजच्या व्यवस्थेत हा विचार अधिक निकडीचा झाला आहे. पुढचा भाग काही सेकंदांत आपोआप सुरू होतो आणि मालिका सोडून देणेही बोटाच्या एका स्पर्शाइतके सोपे आहे. अशा ठिकाणी निर्मात्याला सर्वांत मोठा मोह होतो तो पहिल्याच भागात सगळे उधळून टाकण्याचा. खून, रहस्य, धक्का, सारे काही पहिल्या दहा मिनिटांत. अशा मालिका आपण पाहतोही. पण त्यांना पुढे वाढायला जागा उरत नाही. मनुष्यस्वभाव हळूहळू उलगडणारी कथा या स्पर्धेत मागे पडते, कारण स्वभाव सवयीतून दिसतो आणि सवय दिसायला पुनरावृत्ती लागते. बोजॅकचा स्वार्थ एकदा दिसला तर तो अपघात, सहा वेळा दिसला तरच तो स्वभाव. ही पुनरावृत्ती चित्रपटाला परवडत नाही, मालिकेला परवडते. मालिकेची ही खास ताकद आहे आणि तिला कंटाळा म्हणून हद्दपार केले तर मालिका म्हणजे निव्वळ लांबवलेला चित्रपट होऊन बसेल.

नेटफ्लिक्सने पहिले पर्व आल्यावर चारच दिवसांत दुसऱ्याला मंजुरी दिली आणि मालिका सहा पर्वे चालून ३१ जानेवारी २०२० रोजी संपली. पुढच्या पर्वांत अधिक धाडसी भाग आले : एक जवळजवळ संवादाविना पाण्याखाली घडणारा, एक अखंड स्वगतात सांगितलेला. विसाव्या शतकातल्या त्या सगळे विसरणाऱ्या विनोदी साच्याला आतून फोडून बाहेर येण्याचे धैर्य मात्र तिने पहिल्या पर्वाच्या मध्यावर कमावले होते. एक अक्षर परत न लावण्याचा निर्णय घेऊन.

म्हणून समीक्षकांना आणि शिफारस करणाऱ्या प्रत्येक प्रेक्षकाला माझी विनंती आहे. 'पुढे छान होते' एवढ्यावर थांबू नका. पुढे जे छान होते त्याला मागचे कुठे आणि कसे लागते, ते सांगा. सांगता येत नसेल, तर मालिका फक्त सावरली आहे असे स्पष्ट म्हणा. सांगता येत असेल, तर पूर्वार्ध गाळून पुढे जाण्याचा सल्ला कुणाला देऊ नका. 'बोजॅक हॉर्समन'चे पहिले पर्व पहिल्या भागापासून, क्रमाने, बाराव्यापर्यंत पाहावे आणि आपले मत त्यानंतरच बनवावे.